जगरा उकरला तो मीच

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. चारचौघांत त्या सहलीचा विषय निघाला की मला बैलांना पाणी पाजायचं आठवायचं. बैल विकल्यावर लघवीला जायचं आठवू लागलं. आता या वयात लघवीला खरोखरच जावं लागतं, तेव्हा तीही सबब उरली नाही. म्हणून लिहून टाकतो.

आम्ही तिघं मित्र. एक मी. दुसरा शाळेतून निवृत्त झालेला, सारं गाव त्याला गुरुजी म्हणायचं. त्याच्याकडे जुनी जीप होती आणि नवा मोबाइल, आणि दोन्ही त्याला धड चालवता येत नव्हतं. तिसरा माझ्या शेताचा धुरकरी, बांधाला बांध लागून. आणि आमच्या गावातला रोडग्यांचा राजा. देवळाची पंगत असली की गोवऱ्यांचा जगरा त्यानंच पेटवायचा, कणकेचे गोळे निखाऱ्यात त्यानंच पुरायचे आणि तो म्हणेल तेव्हाच ते बाहेर निघायचे. त्या दिवशी तो सरपंचालासुद्धा "मांगं सरक" म्हणायचा आणि सरपंच सरकायचा. एरवी घरात त्याचं कोणी ऐकत नसे. वर्षातला तेवढा एक दिवस त्याचा होता.

त्या हिवाळ्यात गुरुजींनी ठरवलं की म्हातारपणात निसर्ग पाहायचा. मेडशी गाव मागं टाकून आम्ही घाटाला लागलो. दोन्ही बाजूंना तुरी पिवळ्या फुलल्या होत्या, पुढं सागाचं रान आणि उन्हात निळसर दिसणाऱ्या टेकड्या. गुरुजी प्रत्येक वळणावर जीप थांबवून फोटो काढत.

"गुरुजी, निसर्ग पाहून राह्यले का जमिनीची मोजणी करून राह्यले?" रोडगेवाला म्हणाला.

"तुले काय समजते बे त्यातलं!"

"मले भूक समजते. चाला."

रस्त्याच्या खाली एक तलाव होता. पळसाच्या सावलीत आम्ही सामान उतरवलं. गोवऱ्या त्यानं घरून पोत्यात भरून आणल्या होत्या. दुसऱ्याच्या म्हशीवर त्याचा विश्वास नव्हता. कणीक तिंबली, वांग्याची भाजी शिजवली, जगरा पेटवला. जाळ बसून निखारे झाले तसे रोडगे पुरून वर राख सारली. मग दोघं तलावाच्या पलीकडे सीताफळं शोधायला निघाले.

"तू इथंच बस," तो मला म्हणाला. "फक्त पाहाचं. हात लावाचा नाई. राख हालली का रोडगा गेला."

"मी काय लहान हाओ काय?"

"लहान असता तं भेव नोयतं."

बसलो. समोर पाणी, पाण्यावर बगळे, निसर्ग अगदी भरपूर. पण थोड्या वेळानं राखेतून भाजल्या कणकेचा वास यायला लागला आणि निसर्ग दिसेनासा झाला. एक रोडगा काढला तर काय बिघडतं, असं वाटलं. काडीनं राख उकरली, एक बाहेर ओढला, धोतरानं पुसला आणि चावला. आत अर्धी कच्ची, उकळती कणीक. ती जिभेला चिकटली, टाळूला चिकटली, गिळताही येईना नि थुंकताही येईना. मी तिथल्या तिथं नाचलो. तेवढ्यात तलावाकडून वारा आला आणि उघड्या निखाऱ्यांनी पेट घेतला. जाळ झाकायचा म्हणून मी घाईत वर उरलेल्या गोवऱ्या ओतल्या. असं करणारा माणूस शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला होता, हे मुद्दाम नोंदवतो. भडका उडाला. तो विझेपर्यंत मी दूर उभा राहिलो, मग वर राख सारखी केली, उष्टा रोडगा तलावात भिरकावला आणि पुन्हा साधूसारखा बसलो.

ते आले. त्यानं जगरा उघडला. वरून कोळसा, आतून चिखल.

गुरुजी पोट धरून हसले. त्यांनी फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकून दिला, खाली लिहिलं : 'आजचा कोळसा.' मोबाइल त्यांना तेवढा एकदाच बिनचूक चालवता आला.

रोडगेवाल्यानं मला विचारलं, "काहून असं झालं बे?"

माझी जीभ इतकी भाजली होती की शब्द फुटेना. मी मान हलवली. त्यानं एक रोडगा फोडून बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "पीठच पातळ झालं असंल माह्यं."

मग आम्ही नुसती भाजी खाल्ली. म्हणजे त्यांनी खाल्ली. झणझणीत तिखट भाजी; माझ्यानं एक घास जाईना, डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते पाहिलं आणि गुरुजींना म्हणाला, "पाहा, तुमी हासून राह्यले, अन् याच्या गळ्याखाली घास उतरून नाई राह्यला. दोस्त याले म्हंतेत."

गावात पोचेपर्यंत फोटो सगळ्यांनी पाहिला होता. पारावरची पोरं रोडगेवाल्याला "कोळसा काय भाव?" म्हणून विचारू लागली. तो आधी हसला, मग पारावर यायचा थांबला. पुढच्या पंगतीला मंगरूळपीरचा आचारी आला, गॅसच्या भट्ट्या घेऊन. रोडगेवाला आमच्यासोबत पंगतीत बसून जेवला. वाढणारा पोरगा त्याला म्हणाला, "बाबा, मांगं सरका जरा." तो सरकला.

त्या दिवशी सांगायला हवं होतं. दोनदा त्याच्या शेतात त्यासाठीच गेलो. पण मी दिसलो की तो सोबतच्या माणसाला सांगायचा, "सारं गाव हासलं, हा एकटा नाई हासला." मग हिरवे हरभरे खाऊन परत यायचो.

मागच्या उन्हाळ्यात तो गेला. त्याच्या आदल्या आठवड्यात भेटायला गेलो होतो, घरून वाक्य पाठ करून. त्यानं खाटेवरूनच सुनेला सांगितलं, "चहा चांगला कर वो, माहा खरा दोस्त आला." मी चहा घेतला. चांगला होता. उठून आलो.

पाठ केलेलं वाक्य असं होतं : गड्या, पीठ तुह्यं बराबर होतं, जगरा मी उकरला, मले माफ कर.