मागच्या खोलीचं मत

"घरातली तिन्ही मतं आपल्या माणसाला, असा शब्द दिला होता मी. गद्दार कुठला!"

"दादा, तुझ्याच माणसाला दिलंय मत. कुणाची शपथ घेऊ?"

"शपथ नको. मागची खोली रिकामी कर."

यादीवाल्या काकूंनी नवऱ्याचं आणि धाकट्या दिराचं हे भांडण स्वयंपाकघरात भांडी घासता घासता ऐकलं. तेव्हा त्यांना सून होऊन येऊन दोनच वर्षं झाली होती. नवऱ्याचा पक्ष त्या उपनगरात लागोपाठ चारदा निवडून आला होता. पाचव्यांदा पडला, आणि त्यांच्या केंद्रावर तर एका मतानं मागे राहिला. ते एक मत नवऱ्याच्या जिवाला लागलं.

दीर पेटी उचलून निघाला. "वहिनी, तुम्ही तरी सांगा ना त्याला."

वहिनींनी पातेलं आणखी जोरात घासलं. कारण ते मत त्यांचं होतं. समोरच्या उमेदवारानं नळ देतो म्हटलं होतं, आणि पाणी काही नवरा भरत नव्हता.

नळ आला. दीर आला नाही. पुढे शेतं जाऊन इमारती उठल्या, मतदारसंघाच्या हद्दी तीनदा बदलल्या. एकदा तर गल्लीची डावी बाजू एका खासदाराकडे, उजवी दुसऱ्याकडे. नवऱ्याचा पक्ष दोनदा फुटला, मग नवराही गेला. काकूंनी मतदार यादी तपासायचं काम धरलं ते सोडलं नाही. तीन खेपा घालायच्या, माणूस भेटला नाही तर नाव खोडायचं. काकूंनी भल्याभल्यांची नावं खोडली. फक्त स्वतःच्याच घरातल्या मागच्या, रिकाम्या खोलीचं दार त्या दर वेळी तीनदा वाजवत. तिसऱ्यांदा आत कुणीतरी खाकरे. मग दिराच्या नावापुढे लिहीत, 'भेट झाली'.

निवडणूक कचेरीतली यंदाची साहेबीण नवी होती. "काकू, हे आजोबा चाळीस वर्षांत एकदाही मत द्यायला आले नाहीत. तुम्हाला भेटतात कुठे?"

"घरीच असतात. रागावलेत जरा."

"चाळीस वर्षं?"

"आमच्याकडचा राग टिकाऊ असतो, बाई."

"मग त्यांची सही आणा. नाहीतर नाव जाईल."

घरी येऊन काकूंनी मागच्या खोलीचं दार वाजवलं. एकदा. दोनदा. मग दाराला तोंड लावून म्हणाल्या, "भावजी, ते मत माझं होतं."

तिसऱ्यांदा वाजवलं. आत कुणीच खाकरलं नाही. नळ तेवढा ठिबकत होता.

त्यांनी नाव खोडलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'चूक नसताना गेले'.

"असं कारण चालत नाही, काकू," कचेरीत यादी बघून साहेबीण म्हणाली.

"माहीत आहे," म्हणत काकूंनी नेहमीसारखी पोच मागून घेतली, घडी करून कमरेला खोचली आणि कचेरीच्या पायऱ्या उतरल्या. ती त्यांची शेवटची खेप.