पाह्यलं? झालं! चला!

गळ्यातली शिट्टी ओठांना लावायची, गाल फुगवून ती फुंकायची, आणि सगळे दचकून वळले की म्हणायचं, "पाह्यलं? झालं! चला!" आमच्या अमरावतीच्या कॉलनीतल्या काकांनी या तीन शब्दांत अर्धा भारत उरकला. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. नसेल तर देवाचे आभार माना आणि पुढचं निवांत वाचा.

काका सरकारी खात्यातून निवृत्त झाले. खुर्ची गेली, आता हुकूम सोडायचे कुणावर? म्हणून त्यांनी सहली काढायला सुरुवात केली. दिवाळी झाली की कॉलनीतली मंडळी गोळा करायची, स्वयंपाकी सोबत घ्यायचा, कणिक, तूरडाळ आणि लाल तिखट पोत्यात भरायचं आणि निघायचं. देश बघायला नव्हे, शिवून यायला. कुणी एखाद्या खांबापाशी रेंगाळलं की शिट्टी.

"काका, जरा बघू तर द्या," मी एकदा म्हटलं.

"मॅडम, एका जागी लय वेळ थांबलं की मन लागते. मंग बाकीचं पाहाचं राहून जाते."

माझं माहेर अकोल्याचं, त्यामुळे मी त्यांचं हक्काचं गिऱ्हाईक. "काय अकोलेवाल्या मॅडम, तुमच्याकडं उन्हाबिगर पाहासारखं काय हाये?" हे दर सहलीत एकदा तरी यायचंच. मीही सोडत नसे. "ऊनच बघतो आम्ही, काका. निदान ते तरी शिट्टी वाजली म्हणून मावळत नाही."

काकू मात्र कधी उलटून बोलल्याचं आठवत नाही. "हो जी" आणि "आली जी" एवढंच. त्या प्रत्येक सहलीला असत आणि त्यांनी काहीही पाहिलेलं नव्हतं. कारण काकांचा नियम. देव कुठलाही असो, चपला बाहेर. आणि बाहेर चपला म्हणजे चोर आलाच. मग हुकूम सुटायचा, "अवं, तू चपला पाह्य. आमी अंदर पाहून येतो." बाई गं, त्या माउलीनं रामेश्वरला चपला पाहिल्या, उज्जैनला चपला पाहिल्या, द्वारकेला चपला पाहिल्या. कुठल्या देवळाचं शिखर कसं ते त्यांना विचारू नका. कुणाचा अंगठा कुठे तुटला ते विचारा, बिनचूक सांगतील.

कोचीनची सहल ठरली त्या वर्षी काकांचे गुडघे कुरकुरायला लागले होते. ही शेवटची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गच्चीवर आम्ही दोघी बॅगा उन्हात टाकत होतो, तेव्हा काकू हळूच म्हणाल्या, "मॅडम, या खेपेले मले समुद्र पाहाचा हाये. चांगला बसून. जगन्नाथपुरीले मी देवळापाशीच होती. समुद्रावर सारे गेले तं मी सामानापाशी. रात्री आवाज तेवढा आला." मग लगेच म्हणाल्या, "यायले नका सांगू हं." म्हणजे काकांना. समुद्र बघायचाय हे नवऱ्यापासून लपवावं लागतं, सांगा आता! मला इतका राग आला की काकांची धुऊन वाळत घातलेली टोपी मी मुद्दाम उलटी टांगली.

बडनेऱ्याहून निघालो, वाटेत गाडी बदलली, कोचीनला उतरलो आणि शिट्टी सुरू झाली. समुद्रकाठी बांबूच्या टेकूंवर झुलणारी ती अवाढव्य चिनी जाळी. दोर ओढला की जाळं पाण्यातून वर येतं, लोक तासन्‌तास बघत बसतात. काकांनी एकदाच पाहिलं. "मोट हाये ही. आपली पाणी काढते, हे मासे काढतेत. झालं! चला!" डच राजवाड्यात भिंतभर जुनी चित्रं. काका म्हणाले, "राजवाडा म्हणतेत याले? परतवाड्यात लाकूडवाल्यायचे बंगले यापेक्षा मोठे हायेत." ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात खाली निळ्या नक्षीच्या फरशा, हातानं रंगवलेल्या, एकीसारखी दुसरी नाही. मी वाकून बघतेय तर वरून आवाज आला, "एकसारख्या भेटल्या नसतीन, मॅडम. दुकानदारानं उरलेला माल देला."

आणि काकू? बाहेर गल्लीत, चपलांच्या ढिगाशेजारी. मिऱ्या-वेलचीच्या वखारींचा वास घेत होत्या. म्हणाल्या, "वास लय चांगला हाये न वं इथं." तेवढंच कोचीन त्यांच्या वाट्याला आलं होतं.

सर्वांत मजा झाली जुन्या चर्चमध्ये. तिथे एका पोर्तुगीज दर्यावर्दीची कबर आहे. कबर म्हटल्यावर काकांनी आम्हाला ओळीनं उभं केलं, हात जोडायला लावले, स्वतः डोळे मिटून पुटपुटले. मग गाइडनं हिंदीत सांगितलं की त्याचा देह पुढे त्याच्या देशात नेला. आत आता कुणी नाही.

काका भडकले. "अंदर कोणीच नाही? मंग आमी नमस्कार कोणाले केला? घरी नसलेल्या मानसाच्या दारात आणून उभं केलं आमाले!" गाइडला वऱ्हाडी कळत नव्हतं, तो मान डोलवत राहिला. आम्ही मात्र पोट धरून हसलो.

शेवटी संध्याकाळी समुद्र. सगळ्यांनी चपला काढल्या, धोतरं-साड्या सावरल्या आणि पाण्याकडे धाव घेतली. काकांनी मागे वळून नेहमीच्याच आवाजात सांगितलं, "तू चपला पाह्य वं." मी काकूंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पार पडला होता. "काकू, मी थांबते, तुम्ही जा," म्हणायला मी तोंड उघडलं, तोवर त्यांनी स्वतःच्याही चपला काढल्या, ढिगावर ठेवल्या आणि त्या चालू लागल्या. कुणाशीही न बोलता. थेट पाण्याच्या कडेला जाऊन ओल्या वाळूत बसल्या.

इकडे भरती चढत होती. एक लाट आली, ढिगापर्यंत पोचली आणि नेमकी काकांची एक चप्पल घेऊन गेली. लाटेचीही निवड असते बरं!

शिट्टी वाजली. दोनदा वाजली, तीनदा वाजली. सगळे बसपाशी आले. काकू नाहीत. काका तरातरा निघाले, एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी, आणि त्यांच्यामागे मी.

"पाह्यलं? झालं! चल."

काकूंनी मान वळवली नाही. "पाहून राहिली."

"आतापावतर काय केलं मंग?"

"आतापावतर चपला पाह्यल्या."

काकांनी शिट्टी तोंडाशी नेली आणि तशीच खाली सोडली. बसचा हॉर्न वाजत होता. सूर्य पार पाण्याला टेकला. काका गुडघ्यावर हात देत, कण्हत, त्यांच्याशेजारी बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "लय मोठा हाये न वं."

"हो जी," काकू म्हणाल्या.

अर्थात माणूस एवढ्यानं सुधारत नाही. बसमध्ये चढल्याबरोबर, उशीर झाला म्हणून त्यांनी ड्रायव्हरलाच झापलं. घरी आल्यावर कॉलनीभर सांगत फिरले, "आमच्या हिले समुद्राचं लय कौतुक. मीच म्हटलं, बस तू निवांत." आणि चप्पल? ती म्हणे त्यांनी समुद्राला दान दिली.

पुढच्या उन्हाळ्यात काका झोपेतच गेले. सकाळी मी धावत गेले तर दाराबाहेर चपलांचा हा ढीग. आत त्यांना खाली निजवलेलं, उशाशी काकू. दोन तासांत अकोल्याहून त्यांचा पुतण्या येऊन पोचला. ऊन चढायच्या आत मोक्षधाम गाठायची त्याला घाई. बायकांना त्यानं भराभर पुढे घेतलं, मागे सारलं. मग काकूंजवळ वाकून म्हणाला, "काकू, दर्शन झालं न? चला, उचलाचं हाये."

काकूंनी मान वर केली नाही.

"थांब रे," त्या म्हणाल्या. "मी पाहून राहिली."

पुतण्या मागे सरला. खांदेकरी दारातच थांबले. शिट्टीवाला समोरच निजला होता, आणि त्यालाही घाई नव्हती.