खिडकीतले पांढरे कोंब

जे. पी. नगरला आम्ही नव्याने राहायला आलो, तेव्हा माझी मुलगी दुसरीत होती. तिच्या मिस मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूच्या. बोलताना नखाने खडू खरवडायच्या आणि प्रत्येक वाक्य 'सरी'ने, म्हणजे कानडी 'बरं'ने, संपवायच्या. शाळेच्या फाटकाशी भेटल्या की या टर्मला काय शिकवणार ते सांगायच्या. घड्याळ, बेरजा आणि बी कसं रुजतं. "बी पेरलं की मुलं स्वल्प धीर धरायला शिकतात अक्का, सरी."

मुलांनी आइस्क्रीमच्या रिकाम्या कपांवर आपापली नावं घातली आणि आत ओल्या कापसावर हुरळी, म्हणजे आपले कुळीथ, पेरले.

शनिवारी पालकांना बोलावलं. खिडकीत ओळीने नवेकोरे कप होते, मिसच्या अक्षरात नावं घातलेले, आणि सगळ्यांत सारखेच लांब, पांढरेफटक कोंब. उजेडात वाढलेला कोंब हिरवा होतो. हे घरी फडक्यात बांधून काढलेले मोड होते. उसळीसाठी मोड काढणाऱ्या आम्हा सगळ्या बायकांना ते कळलं, आणि सगळ्या "छान हं" म्हणाल्या. मीही म्हणाले.

मिस खडू खरवडत म्हणाल्या, "सगळ्यांचं उगवलं, सरी."

सोमवारी शाळेमागच्या कचऱ्यातून मुलीने स्वतःचा जुना कप शोधून घरी आणला. त्यातल्या एका दाण्याला बारीक, हिरवट कोंब फुटला होता.

"आई," तिने विचारलं, "आता हा कुणाला दाखवू?"