मास्टरांचे चार इंच

रशीद मास्टर माणसाच्या तोंडाकडे पाहून बोलत नसत, पोटाकडे पाहून बोलत. कामरगावच्या बसस्टँडजवळ त्यांचं शिलाईचं दुकान होतं. तुम्ही नमस्कार केला की ते मशीनवरून मान वर करायचे, तुमच्या पट्ट्याचं कितवं छिद्र चालू आहे ते चष्म्यातून नीट बघायचे आणि मगच नमस्काराचं उत्तर द्यायचे. "छत्तीसचे अडतीस झाले, गुरुजी. घरी सगळं बरं चालू दिसते." माझ्या प्रकृतीची इतकी प्रामाणिक चौकशी माझ्या सख्ख्या भावानेही कधी केली नाही.

मी गावातल्याच शाळेत शिक्षक. त्या वर्षी डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की शुगर अजून झालेली नाही, पण काठावर आहे. याच रोगाने माझ्या आईचा पाय गुडघ्याखालून गेला होता, म्हणून मी घाबरलो. घाबरून सुशिक्षित माणूस जे करतो तेच केलं. कुणाला काही सांगितलं नाही, चहातली साखर बंद केली आणि ती उणीव दोन जास्तीच्या बिस्किटांनी भरून काढली.

अशात एक संस्था गावात योजना घेऊन आली. माझ्यासारख्या काठावरच्यांना आत पडू द्यायचं नाही, अशी ती योजना. उद्घाटनाला पाहुण्यांनी बैठ्या जीवनाच्या तोट्यांवर दीड तास भाषणं केली. आम्ही ती बसून ऐकली. मग शुभारंभाचे पेढे वाटले. मी दोन खाल्ले, नाही म्हणणं योजनेचा अपमान झाला असता.

रोज सकाळी गटाने कारंजा रस्त्याला फिरायचं, आठवड्याला एकदा जमून तेल-मीठ-भाकरीचा हिशोब बोलायचा आणि महिन्याला कंबर मोजायची, असा कार्यक्रम ठरला. संस्थेकडून आलेल्या तरुण मॅडमकडे कागदी टेप होती. ती पहिल्याच दिवशी माजी सरपंचांच्या पोटावर फाटली. मॅडम बिचाऱ्या मास्टरांकडे टेप मागायला गेल्या, तर मास्टर स्वतःच उठून आले. "टेप मी कोणाले देत नसतो, बेटा. हे लोक श्वास ओढून धरतात. तुले काय समजते?"

त्यांची पद्धत साधी होती. कमरेला टेप घालायची आणि मग काहीतरी विचारायचं. "गुरुजी, पोरगी काय करून राह्यली सध्या?" माणूस पोरीचं कौतुक सांगायला तोंड उघडायचा, आत कोंडलेला श्वास सुटायचा, पोट आपल्या मूळ जागी यायचं आणि मास्टर आकडा मोठ्याने वाचायचे. शिवाय लग्नाच्या पँटपासून गावातल्या प्रत्येकाचं माप त्यांच्या वहीत होतं. साप्ताहिक बैठकीत ते वही उघडून बसायचे. "लग्नात तीस. आता चाळीस. हे दहा इंच कुठून आणले, भाऊ?" डॉक्टर निदान दार तरी लावून घेतात.

प्रत्येक शिंपी पँटच्या मागे थोडं जास्तीचं कापड आत दाबून ठेवतो. त्याला मार्जिन म्हणतात. माणूस सुटला की ते उसवून पँट सैल करून देता येते. योजना सुरू झाल्यावर मास्टरांनी हे काम बंद केलं. कुणी पँट घेऊन आलं की तिला उलटसुलट बघून परत द्यायचे. "पँट बराबर हाये. माणूस चुकला." गिऱ्हाईक चिडून रेडिमेड लास्टिकवाली घ्यायचं. त्यावर मास्टर मला म्हणाले होते, "लास्टिक लय सोशिक असते, गुरुजी. काहीबी खपवून घेते, बोलत नाई. म्हणून तं घात होते."

मी माझी पँट गुपचूप कारंज्याला जाऊन सैल करून आणली. दुसऱ्या दिवशी मास्टरांनी मला दुकानासमोर थांबवलं आणि माझ्या मागे येऊन, वाकून शिवण पाहिली. "हा टाका माह्या हातचा नाई." मी म्हटलं, बायकोने घरीच घातला. "वहिनीवर कायले ढकलता? वहिनीचा टाका मी पाह्यला हाये. इतका वाकडा नसते." त्यांनी ती पँट काढून आणायला लावली, पुन्हा पहिल्या मापावर शिवली आणि आतलं सगळं मार्जिन माझ्यासमोर कात्रीने कापून टाकलं. "आता कारंज्याले जा, नाईतं मुंबईले जा. कापडच नाई तं सोडतीन काय?"

पँट चांगल्या कापडाची होती आणि मी शिक्षक, म्हणजे कापड वाया जाऊ देणारा माणूस नव्हे. मी निमूट चालायला लागलो. मास्टरही हौसेने सोबत चालायचे. सहा महिन्यांनी ती पँट बसली आणि रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, काठावरून मागे सरकलात. मी श्रेय माझ्या निग्रहाला दिलं.

योजनेत सगळ्यांची बोटं टोचून रक्त तपासलं होतं, एक मास्टर सोडून. ते मापं घेण्यात गुंतलेले. मॅडमनी दोनदा विचारलं. "माह्या बोटाले चाळीस वर्षांपासून सुईच टोचून राह्यली. अजून एक कायले? अन् मले काय होते? मी तं हा असा, हँगर." आम्ही खूप हसलो. शुगर पोटवाल्यांना होते, काटकुळ्यांना नाही, हे आम्हाला इतकं ठाऊक होतं की विचारायची गरजच नव्हती. मॅडमनी त्यांचं नाव मदतनिसांत लिहिलं.

वर्ष संपलं, योजना संपली. समारोपाला ज्याची कंबर सर्वांत जास्त घटली त्याला बक्षीस होतं. कुणीतरी गमतीने मास्टरांच्याच कमरेला टेप घातली, तर वहीतल्या बत्तीसचे अठ्ठावीस! चार इंच! आमच्यात कुणाचे तीनच्या वर गेले नव्हते. मास्टर म्हणाले, "टेलरचं हेच बरं हाये. पँट ढिली झाली का आपल्याच हातानं बारीक करा लागते, कोणाले विचारा लागत नाई." बक्षीस त्यांना, असं एकमताने ठरलं. भाषण अर्थातच मी केलं. सगळ्यांनी मास्टरांचा आदर्श घ्यावा, असं म्हणालो. बक्षीस होतं स्टीलची पाण्याची बाटली. ती हातात घेऊन मास्टर खूश झाले. "हे कामाचं हाये. आजकाल तहान लय लागून राह्यली." आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यांच्या मागे भिंतीवर शुगरच्या लक्षणांचा तक्ता होता. खूप तहान लागणे, वजन उतरणे. तो तक्ता मीच मुलांकडून सुवाच्य अक्षरात लिहून घेतला होता. फोटोत तो छान आला आहे.

पुढे मशीनच्या पायपट्टीवर त्यांचा पाय घासून जखम झाली. दुखत नव्हती, म्हणून त्यांनी चिंधी बांधली आणि काम चालू ठेवलं. पाय काळा पडला तेव्हा त्यांच्या बायकोने, भाभींनी, आम्हाला बोलावलं. आम्ही त्यांना अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, किती वर्षांपासून शुगर आहे? भाभी म्हणाल्या, "इनको शुगर नई है, साब. इनको तो शुगर का इनाम मिला है." डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. मी खाली बघत होतो. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

शेवटचं भेटलो तेव्हा ते डोळे मिटून पडले होते. माझा आवाज ऐकून डोळे उघडले आणि सवयीने माझ्या पट्ट्याकडे पाहिलं. "चौतीस. पँट ढिली झाली, गुरुजी. घेऊन या, बारीक करून देतो." मी "आणतो" म्हणालो. चार दिवसांनी ते गेले. त्यांनी गावाची कंबर मोजली. आमच्यातल्या कुणीही त्यांचं बोट धरून त्यांना तपासायला बसवलं नाही. त्यांच्या थट्टेला हसून आम्ही मोकळे झालो.

गट अजून चालतो. संस्था नाही, बॅनर नाही, पेढे नाहीत. भाभींनी दिलेली मास्टरांची टेप माझ्याकडे असते. गावच्या आशाताई महिन्यातून एकदा शुगर तपासायचं मशीन घेऊन येतात. आधी बोट आणि मग टेप, असा आता नियम आहे, आणि पहिला नंबर काटकुळ्यांचा. दर खेपेला त्यांच्यातला एखादा हात मागे घेतो आणि हसून म्हणतो, "मले काय होते, गुरुजी?"

मी हसत नाही. त्याचं बोट धरतो.