आवाज बसला त्या सोमवारी

सलूनवाल्याला सगळे रेडिओ म्हणत, आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नसे. सकाळी शटर वर गेलं की तोंड सुरू, ते जेवणापुरतं बंद, तेही घास मोठा असेल तर. गंमत अशी की त्याचा हात तोंडामागून धावे. गोष्ट रंगली की कात्री सुटलीच. जुनी गिऱ्हाइकं शहाणी, मानेवर वस्तरा असेपर्यंत ती नुसतं हवापाण्याचं बोलत.

सोमवारी सलून बंद. त्या दिवशी तो कयाक घेऊन खाडीत जाई. कयाक म्हणजे एकट्यापुरती लांबोडकी प्लास्टिकची होडी, पिवळीधमक, जुनीच घेतलेली. बाकीचे सहा दिवस ती पुढच्या खोलीत भिंतीशी आडवी पडलेली असे आणि माणसांना दारातून अंग चोरून यावं लागे. घरात दुसरं माणूस म्हणजे त्याची थोरली बहीण. तिला त्याच भिंतीशी शिलाईचं मशीन मांडायचं होतं. थंडीच्या सुरुवातीला तो बोलण्याच्या भरात म्हणून बसला होता, "ताई, थंडी सरायच्या आत मासा आणला नाही, तर विकून टाक होडी."

ताई असलं काही विसरत नाही. थंडी सरत आली तरी मासा काही घरी आला नव्हता. "मंगळवारी बेकरीवाला येतोय होडी न्यायला," ती म्हणाली. "एक सोमवार आहे तुझ्या हातात."

"अगं, थंडीत मासा आळसावतो."

"मासा आळसावतो आणि दमून तू येतोस. हे कसं काय रे?"

त्याचा जीव होता त्या होडीत. आठवडाभर उभं राहणाऱ्याला तेवढंच बसायला मिळे.

त्याच्या गळाला खरं आमिष नसे, लाकडाचा एक चंदेरी खोटा मासा असे. तो लांब फेकायचा आणि रीळ फिरवून असा ओढायचा, की खऱ्याला जिवंत वाटावा. धक्क्यावरच्या राखणदाराने दहादा सांगितलं होतं, "गार पाण्यात मासा तळाशी बसून असतो. तोंडाशी आलं तेवढंच खातो. हळू ओढा." हा मान डोलावी. पण खाडीत ऐकायला कुणी नाही म्हणून गप्प बसेल तो रेडिओ कसला? त्या लाकडी माशालाच तो आठवड्याच्या बातम्या सांगे. बातमी रंगली की रीळ गरगरे, आणि खोटा मासा असा पळत सुटे, जणू घरी कुणी आजारी आहे.

रविवारी सलूनमध्ये गर्दी, बाहेर बोचरा वारा. रात्रीपर्यंत त्याचा घसा धरला आणि सोमवारी उठला तो आवाज गेलेलाच. ताईने गरम पाणी दिलं, मफलर गुंडाळला. "आजारपणाचं निमित्त चालणार नाही हं," म्हणाली. उत्तर देता येईना, म्हणून त्याने वल्हं उचललं.

पुलाच्या खांबापाशी धुकं होतं. त्याने गळ टाकला, सवयीने तोंड उघडलं, नुसती हवा आली. हात बिचारा वाट बघत राहिला, मग आपला हळूहळू फिरायला लागला. वल्ह्यावरून गळणारं पाणी त्याला पहिल्यांदाच ऐकू आलं. अर्धा तास असाच गेला. मग दोरी अडकली. शेवाळ असेल म्हणून त्याने ओढली, तर शेवाळाने उलट ओढली. होडीचं तोंड फिरलं आणि माशाने त्याला खांबाभोवती एक फेरी मारून आणली. ओरडायला गेला, तर सायकलच्या चाकातून हवा जाताना निघावा तेवढाच आवाज.

घरी येऊन त्याने ताईपुढे घमेल्यात मासा ठेवला. ताईने माशाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"कितीला घेतलास?"

आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट, आणि सांगायला आवाज नाही. त्याने माशाचा जबडा उघडून दाखवला. लाकडी मासा अजून आतच रुतलेला, पाठीवरचा रंग दातांनी खरवडलेला. मग तो हातवारे करत सुटला, गोल फिरला, टॉवेल धरून मागे ओढला गेला, गुडघा दारावर आपटून घेतला. ताई हसत हसत होडीच्या काठावर बसली.

"तुझी गोष्ट शेवटपर्यंत मी आज पहिल्यांदा ऐकली," ती म्हणाली.

मंगळवारी तिने बेकरीवाल्याला दारातूनच परत पाठवलं. मशीन मागच्या खिडकीशी मांडेन, तिथे उजेडही बरा आहे, म्हणाली. मग ती सलूनमध्ये येऊन बाकावर बसली आणि गिऱ्हाइकांना सगळं सांगायला लागली. तिसऱ्या गिऱ्हाइकापर्यंत मासा हातभर वाढला होता. भावाने आरशातून दोन हातांनी खरं माप दाखवलं.

"तू गप्प बस रे," ताई म्हणाली. "मी सांगतेय ना."