काकूच्या रोपवाटिकेचं पेज

ऑफिसनं सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं, त्या वर्षी मी पुण्यातली खोली सोडून जानेफळला काकूकडे आले. माझं लहानपण त्याच घरात गेलेलं. वडिलांच्या नोकरीत बदल्या फार, म्हणून शाळेसाठी मला तिच्याकडे ठेवलं होतं. काका-काकूंनी शेताच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात हिरव्या शेडनेटखाली भाजीपाल्याची रोपवाटिका सुरू केली होती. मिरची, वांगी, टमाटे, कोबी. दुपारी नेट नीट मिळायचं ते तिथंच, त्यामुळे मी लॅपटॉप घेऊन ट्रेच्या रांगांशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायची. ओल्या कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या भुशाचा, तो वास अजून कुठं आला की मला ती दुपार आठवते.

माझं काम होतं वेगवेगळ्या ब्रँडांसाठी सोशल मीडियाचा महिन्याचा तक्ता बनवण्याचं. कुठल्या दिवशी कुठली पोस्ट, कुठला फोटो, खाली काय लिहायचं. काकू बी टोचता टोचता माझी स्क्रीन बघायची. एकदा तिनं विचारलं, या चौकटीत काय लिहिलंय? मी सांगितलं, त्या दिवशी कॉफी दिन आहे, म्हणून बिस्किटवाल्यांची कॉफीवर पोस्ट आहे. ती म्हणाली, "मंग आपल्या वांग्याचा दिवस कधी असते?"

तिथून रोपवाटिकेच्या पेजची सुरुवात झाली. बियाण्याच्या कंपनीचं जुनं कॅलेंडर आम्ही उलटं केलं, मागच्या कोऱ्या बाजूला स्केचपेननं रेषा मारल्या आणि ते शेडच्या तारेला चिमट्यानं लावलं. माझ्या ऑफिसच्या तक्त्यात सण आणि 'दिन' असायचे, काकूच्या तक्त्यात शेतकऱ्याला पडणारे प्रश्न होते. रोप ट्रेमधून काढताना मोडतं, त्या आठवड्यात ट्रे आधी भिजवायचा कसा ते दाखवायचं. उन्हाळी लागवड जवळ आली की रोपाचं पाणी कमी करून त्याला कडक का करायचं, ते सांगायचं. कुठला प्रश्न कधी येणार, हे तिला पाठ होतं. इतका चांगला तक्ता मी तेव्हा बनवत नव्हते, आणि खरं सांगायचं तर आजही बनवत नाही.

प्रश्न आला व्हिडिओचा. घरात, शेतात काकू आपली वऱ्हाडी बोलायची. मोबाईल समोर धरला की मात्र पदर सावरायची, चष्मा लावायची आणि म्हणायची, "नमस्कार. आज आपण मिरचीच्या रोपांवरील मर रोगाविषयी माहिती घेणार आहोत." एकेक शब्द सुटा, स्पष्ट. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. पावसाळ्यात, वर्षावासात, बुद्धविहारात ग्रंथवाचन चालायचं, तेव्हा वाचायला काकूलाच बसवत. वस्तीतली बारावी पास झालेली ती पहिली बाई. पांढऱ्या साडीत, मांडीवर ग्रंथ घेऊन ती वाचायची आणि बायका पोरांना गप्प करून ऐकायच्या. मीही त्यात असायची, सतरंजीच्या कडेला, अर्धवट झोपेत.

पण पेजवर हे चालत नव्हतं. व्हिडिओ मोजकीच माणसं बघत, तीही अर्ध्यातून निघून जात. मी काकूला सांगायची की पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला पाहिजे, तू नेहमीसारखी बोल, आपली भाषा लोकांना आवडते. ती मान हलवायची आणि परत "नमस्कार, आज आपण" पासून सुरू करायची.

मग एका दुपारी काकांनी पाण्याची नळी चालू ठेवली आणि ते कोणाशी तरी बोलायला रस्त्यावर गेले. वांग्याचे चार-पाच ट्रे पाण्यात बुडाले. मी त्याच वेळी दुसऱ्या रांगेचा व्हिडिओ घेत होते. काकूनं काकांना तिथूनच हाक मारली, "काऊन हो, पाणी चालू ठिवून कुठी गेलते? रोपाईले पोहणं शिकवून राह्यले काय?" काका ओशाळून नळी बंद करायला धावले. एवढंच होतं त्यात. मी ते कापून, मागं जरा गमतीशीर संगीत लावून पेजवर टाकलं. तिला विचारलं नाही. ती हो म्हणणार नाही हे माहीत होतं म्हणूनच विचारलं नाही, हे आता मान्य करायला हरकत नाही.

दोन दिवसांत तो व्हिडिओ जिल्हाभर फिरला. खाली हसण्याची चिन्हंच चिन्हं. कोणी लिहिलं होतं, अस्सल गावरान बाई. कोणी लिहिलं, काकू अजून टाका. मला फार आनंद झाला होता. रोपवाटिकेत नवीन माणसं येऊ लागली. त्यातली काही रोपं बघायच्या आधी काकूकडे बघून हसायची. तिला कळेना, आपल्याकडे बघून ही हसतात कशाला.

तिला कळलं आठवडी बाजारात. भाजीच्या रांगेतल्या एकानं तिला बघून मोठ्यानं तेच वाक्य म्हटलं, तिच्याच आवाजात, हेल काढून. आजूबाजूचे हसले. कोणीतरी मोबाईल काढून तिला तिचाच व्हिडिओ दाखवला. काकू पिशवी अर्धी रिकामीच घेऊन घरी आली. स्वयंपाक केला, वाढलं, भांडी घासली. काका एकदा म्हणाले की गिऱ्हाईक तर वाढलं ना, त्यावर तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये ती माझ्यासमोर पालथ्या घमेल्यावर बसली.

"तू पुण्यात पहिल्यांदा गेलती, तवा होस्टेलातल्या पोरी तुले हासत होत्या. 'मले' म्हटलं का हासत. तू रडत रडत मले फोन केलता."

मी हो म्हटलं.

"तवा तुले किती लागलं होतं, मले माहीत हाये. घरात मी कशीबी बोलीन, ते माहं घर हाये. पण माह्या बोलण्याचं हासं दुकानाच्या पाटीवर नको लावू."

तिचा आवाज चढला नव्हता. मला वर बघवेना. होस्टेलच्या त्या पहिल्या वर्षात मी 'मले'चं 'मला' केलं, 'काऊन'चं 'का' केलं, आणि इतकी घासूनपुसून साफ झाले की लोक विचारत, तू मूळची पुण्याचीच का. जे मी स्वतःच्या तोंडून पुसून टाकलं, ते मी काकूच्या तोंडून विकायला काढलं होतं. मी तिच्यासमोरच व्हिडिओ काढून टाकला. ती म्हणाली, "बरं झालं," आणि उठून ट्रे उचलायला लागली. लोकांच्या मोबाईलमधून तो निघाला नाही, पुढं बरेच दिवस कोणी ना कोणी आठवण काढायचंच. पण आमच्या पेजवर तो परत दिसला नाही.

नंतरचे महिने मला सगळ्यांत जास्त आठवतात. काकूनं दोनशे पानी वही आणली. प्रत्येक व्हिडिओत बोलायचं ते ती आधी लिहून काढायची, मला वाचून दाखवायची, 'रोपांवरील' बरोबर की 'रोपांवरचा', यावर आमचा वाद व्हायचा. तीन सेकंदांचं मी परत कधी बोलले नाही. ती हवं तेवढं सावकाश बोलायची, मधे थांबून मूळ बोटानं दाखवायची. काका आता नळी बंद आहे की नाही हे दोनदा बघून मगच चित्रीकरणाला उभे राहत. बघणारी माणसं थोडीच होती.

एके दिवशी दुसरबीडहून एका बाईंचा फोन आला. नवरा बाहेरगावी कामाला, शेत त्याच बघत. म्हणाल्या, मर रोगाचं तुमचं बोलणं तीनदा ऐकलं आणि वहीत उतरवून घेतलं, औषध किती टाकायचं तेवढं परत सांगा. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही शाळेत बाई हाये काय?"

काकूनं माझ्याकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली, "मी शेतकरी आहे." तिनं औषधाचं प्रमाण दोनदा सांगितलं, त्यांच्याकडून परत म्हणवून घेतलं आणि मगच फोन ठेवला. त्या दिवशी तिनं न मागताच चहा केला आणि काकांना, मला शेडमध्ये आणून दिला.

ऑफिस सुरू झालं आणि मी परत गेले. पुढची दोन वर्षं काकूनं पेजचं सगळं एकटीनं सांभाळलं. नंतर काकांचे गुडघे दुखायला लागले, वाकून ट्रे उचलणं दोघांनाही झेपेना, आणि त्यांनी रोपवाटिका बंद केली. ट्रे गावातल्याच एका जोडप्यानं नेले. शेडनेट उतरवताना मी नव्हते. काकांनी पाठवलेल्या फोटोत नुसता उघडा कोपरा होता आणि चार खांब.

पेज मात्र तिनं काढून टाकलं नाही. आजही कोणीतरी जुन्या व्हिडिओखाली विचारतं, पानं आकसली, काय करावं. मी पुण्यात जेवणाच्या सुट्टीत ते उघडून बघते. दोन-तीन दिवसांत काकूचं उत्तर आलेलं असतं, शुद्धलेखन तपासलेलं, पूर्णविरामासकट. परवा तिनं कोणाला तरी लिहिलं होतं: "आपला प्रश्न चांगला आहे. पानाची मागची बाजू उन्हात धरून पाहावी व काय दिसते ते कळवावे. मग सांगते."