पडद्याच्या डाव्या कडेला

शेवंता गेल्याचं मला मोबाइलवर कळलं. तिच्या मुलानं, सुनीलनं, मुंबईहून तिचा फोटो पाठवला होता आणि खाली जोडलेले हात. फोटो कुठल्यातरी लग्नातल्या घोळक्यातून कापून काढलेला. तिचा डावा कान गायब, आणि खांद्यावर कुणा भलत्याच बाईचा हात. मला आधी रडू आलं नाही, राग आला. जिची एवढीशी हौस कापलेल्या चित्रापायी जन्मभर अपुरी राहिली, तिचा शेवटचा फोटोही कापूनच लावायचा? फोन केला, तर सुनील म्हणाला, "बाई, सगळं अचानक झालं. सकाळी चहा घेतला आणि बसल्या जागीच... तुम्हाला कळवेपर्यंत सगळं आटोपलं होतं." मी त्याची शाळेतली शिक्षिका, त्याला काय बोलणार? बरं म्हटलं आणि फोन ठेवला. त्याला आता महिना उलटून गेला.

सुनील बिरवाडीच्या शाळेत माझ्या वर्गात होता. त्याचे वडील औद्योगिक वसाहतीत पाळ्यांवर जायचे आणि शेवंता एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भाकऱ्या भाजायची. एकदा पालकसभा संपल्यावर ती दाराशी घुटमळत राहिली. माझ्या एका लाडक्या कादंबरीवर फार पूर्वी सिनेमा निघाला होता. त्याबद्दल मी वर्गात भरभरून बोलले होते, आणि सुनीलनं ते घरी सांगितलं होतं. "बाई, तुमी ज्या पिक्चरचं सांगितलंत ना, त्यात माझी आय हाय," ती म्हणाली. "कोण, हिरोइन?" मी थट्टेनं विचारलं. ती हसली नाही. "नाय वो. ती हिरोइन गाव सोडून जाते ना, तवा बांधावर उभी हाय ती."

तिचं माहेर पोलादपूरच्या वरच्या डोंगरातली एक वाडी. कादंबरीतलं गाव म्हणून सिनेमावाल्यांनी तीच वाडी निवडली होती. नायिका डोक्यावर ट्रंक घेऊन निघते आणि वाडीतल्या बाया बघत उभ्या राहतात, असा तो प्रसंग. बायांना नुसतं उभं राहायला सांगितलं होतं. शेवंता तेव्हा लहान होती. ती नायिकेच्या मागे धावत सुटली आणि तिच्या आईला शूटिंगचं भानच राहिलं नाही. तिनं बांधावरून हाक मारली, "शेवंते, ये गो... ये माघारी!" दिग्दर्शकानं ते तसंच ठेवलं. सिनेमा महाडच्या टॉकीजला लागेपर्यंत तापाच्या आजारात आई गेलेली होती. घरात तिचा एकही फोटो नव्हता. वडील शेवंताला घेऊन सिनेमाला आले. पडद्यावर आई दिसली तशी ही खुर्चीवर उभी राहून "आये!" म्हणून ओरडली आणि सगळं थिएटर हसलं. "मंग माज्या डोल्यांत पानी आलं, नि तेवढ्यात पिक्चर फुडं गेला," ती सांगायची. त्यामुळे आईचा चेहरा नीट बघायचा राहूनच गेला. आई रागावून हाक मारतेय की हसून, एवढंच तिला बघायचं होतं. वडिलांना तिनं एकदा विचारलं होतं. ते उठून गोठ्यात निघून गेले आणि तिनं पुन्हा विचारलं नाही.

मला वाटलं, एवढंच ना, आत्ता दाखवते. लायब्ररीतून कॅसेट आणली. ती इतकी काळोखी, की भरदुपारचा प्रसंग अमावास्येला घडल्यासारखा वाटत होता. बांधावर कुणीतरी आहे इतकंच कळत होतं. पुढे काही वर्षांनी एसटी स्टँडजवळच्या दुकानात त्याच सिनेमाची सीडी मिळाली आणि मी धावत घरी आले. त्या सीडीबद्दल काय लिहू! माणसं हिरवट दिसत होती. पहिली सीडी नायिकेच्या वाक्याच्या मध्येच संपायची आणि उरलेलं वाक्य दुसरीवर सापडायचं. खाली सतत मसाल्याची जाहिरात सरकत होती. तेही मी सोसलं असतं. पण थिएटरचं लांबरुंद चित्र टीव्हीच्या चौकोनात बसवण्यासाठी कुणा महाभागानं दोन्ही बाजू खुशाल छाटून टाकल्या होत्या. शेवंताची आई डाव्या कडेला. तिचं कोपर तेवढं उरलं होतं, आणि हाक. हाक मात्र स्वच्छ होती.

त्या दिवशी शेवंता माझ्या डाव्या बाजूला कॉटवर बसली होती. हाक आली आणि ती डावीकडे वाकली. टीव्हीच्या कडेपलीकडे डोकावलं तर पुढचं दिसेल, अशी वाकली. मग तिचं तिलाच हसू आलं. पण पुढच्या वेळीही ती वाकली, आणि मीही वाकले. माझं डोकं तिच्या खांद्याला लागलं. पुढे आमचं तसंच ठरून गेलं. माझे यजमान गेल्यावर ती दर रविवारी महाडला माझ्याकडे यायची. चवदार तळ्यापासून बाजारापर्यंत आम्ही एक फेरी मारायचो, आल्यावर चहा आणि मग तेवढाच तुकडा. तिचे यजमान गेले, सुनील मुंबईला गेला, तरी रविवार चुकला नाही. एकदा तिनं मला ती कादंबरी वाचून दाखवायला लावली. तो प्रसंग संपल्यावर म्हणाली, "ह्यात आयची हाक नाय?" मी म्हटलं, नाही गं, लेखकाला कुठली माहीत असायला. "मंग बुक अर्धंच हाय," ती म्हणाली. ज्या कादंबरीवर मी अख्खी नोकरी काढली, तिचा असा निकाल लागला! मी दोन दिवस फुरंगटून होते.

पुराचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं त्या साली घरात कंबरभर चिखल साचला होता. शेवंता फावडं घेऊन आली. आधी माझी गादी बघितली नाही की कपाट, टीव्हीखालचा खण उपसला. सीडी सापडल्या. तिनं त्या साबणाच्या पाण्यात विसळल्या आणि माझ्या साड्यांशेजारी दोरीवर चिमट्यानं टांगल्या. कपाळाला हात लावायची पाळी होती, पण मी हसत सुटले. नवा प्लेअर आणला तेव्हा पहिली सीडी चालली. त्या हाकेशी जरा अडकायची, एवढंच.

शेवटची भेट ती मुंबईला जायच्या आदल्या दिवशी झाली. गुडघे गेले होते आणि सुनील एकटं राहू देईना. मला इंटरनेटवर तोच सिनेमा सापडला होता, अख्ख्या रुंदीचा. चष्मा पुसून आम्ही दोघी मोबाइलवर वाकलो. बांध आला. लुगडं दिसलं, डोक्यावरचा पदर दिसला, आणि चेहऱ्याच्या जागी चॅनलवाल्यांचं गोल बोधचिन्ह... वर डाव्या कोपऱ्यात, नेमकं तिथेच. शेवंतानं बोटानं ते पुसून बघितलं, काचेवर डाग असावा तसं. मग म्हणाली, "खाली काय लिवलंय इंग्लिशमदी?" खाली कुणीतरी संवादांचं भाषांतर टाकलं होतं. मी वाचलं, "गो, शेवंता, गो." तिचा चेहरा एकदम उजळला. "बगा! मुंबयवाल्यांनी आमचा गो तरी सोडला नाय!" त्या शहाण्यानं 'ये गो'चं 'जा, जा' करून ठेवलं होतं. जन्मभर मुलांच्या चुका तांबड्या शाईनं गोल करणारी मी, त्या दिवशी गप्प बसले. जाताना दारात तिनं नेहमीचं विचारलं, "बाई, खरं सांगा, रागात असंल का वो ती?" मी नेहमीचंच उत्तर दिलं, "हसत होती गं. आवाजावरून कळतं ना." मला आवाजावरून काहीही कळत नव्हतं. अजूनही कळत नाही.

मोबाइलवरचा तो सिनेमा मी पुन्हा उघडलेला नाही. मला तिला 'जा' म्हणणारं काही बघायचं नाही. रविवारी चहा मात्र अजून दोन कप होतो, हाताला सवय आहे. एक पिते, एक ओतून देते. मग सीडी लावते. सगळं हिरवं होतं, मसाल्याची जाहिरात सरकते, नायिका ट्रंक घेऊन निघते, आणि डावीकडून ते कोपर येतं. "शेवंते, ये गो..." इथे सीडी अडकते. "ये गो... ये गो..." मी डावीकडे वाकते. पूर्वी तिच्या खांद्याशी थांबायचे. आता वाकतच जाते, कॉटवर हात टेकेपर्यंत.